पेटीचा अंदाज

३ नोव्हेंबर, दिग्रस
चव्वेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव. आणि तरी सकाळपासून मी उगाच गुणगुणतेय. आमच्या छोट्या रेडिओ केंद्राचा स्टुडिओ बाजारात, मनोरा मात्र पुसद रस्त्यालगतच्या टेकडीवर. माझा आवाज इंटरनेटवरून तिथल्या खोलीतल्या एका पेटीत जातो, तिथून हवेत आणि लोकांच्या फोनवरही. तोच किंचित उशिराने माझ्या हेडफोनमध्ये परत येतो. तंत्र सांभाळणारे पूनमसिंग राठोड म्हणाले, एक कान उघडा ठेवा मॅडम, नाहीतं सोताच्याच मागं धावान. माझी मुलगी शाल्मली पुसदला माझ्या बहिणीकडे, सुचित्राकडे राहून अकरावी करते. तिने इअरफोन लावून पहिला कार्यक्रम ऐकला. तीही खूश.

६ नोव्हेंबर
शेवटी ‘निरोप घेते’ म्हणाले, तर तुळसाबाई नावाच्या श्रोत्या फोनवर रागावल्या. निरोप कायले घेता वो बाई, कुठी चालल्या? येतो म्हना! आजपासून ‘येते’ म्हणते. खरं तर मी कुठेच येत नसते, इथेच बसलेली असते. पण इतकं काटेकोर तरी कशाला व्हायचं?

११ नोव्हेंबर
इंटरनेट अडखळलं की आवाजाचे बारीक तुकडे हरवतात. ती जागा पेटी मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने भरते. पूनमसिंग म्हणाले, भरून भरून किती भरन, एखादं अक्षर! आज टेकडीवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटी मी म्हणते, ‘येते.’ आणि मग, ‘येते, शालू.’ शाल्मलीचं घरचं नाव मी कार्यक्रमात घेत नाही. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. त्यात नाही.
संध्याकाळी तिचा फोन आला. नाव घेतलं म्हणून हरखली होती. खरं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तिचा आनंद मोडवेना, की तो मलाच हवा होता?

१५ नोव्हेंबर
ते नाव कुठून आलं हे शोधायला पूनमसिंगांनी कार्यक्रम चालू असताना स्टुडिओतली इंटरनेटची तार उपटून पाहिली. हेडफोनमध्ये कार्यक्रम थांबला नाही. बोंडअळीची माहिती, माझ्या आवाजात, मी दिली असती तशीच. मी तोंड मिटून बसले होते. ते हसले: मॅडम, तुमी आता सुट्टी घ्या, पेटीच नोकरी करून राह्यली. मग ती बंद करायला टेकडीवर गेले. परतले तेव्हा हसत नव्हते. पेटीचं बटण आधीपासून बंदच होतं म्हणाले.
संचालकांना कळवलं. ते म्हणाले, हल्ली कार्यक्रम छान होतोय की.

१८ नोव्हेंबर
सुचित्राचा फोन. शालू दिग्रसच्या बसने निघाली. आईने रेडिओवरून बोलावलंय म्हणाली, टेकडीवरच्या खोलीत ये म्हणून. मी नाही बोलावलं. मी —
शालू फोन उचलत नाही. मेसेजही उघडत नाही. तिच्या कानात मीच असणार. तिच्यापर्यंत पोचायला रेडिओच उरला. माइकवर ओरडले, शालू, येऊ नकोस.
हेडफोनमध्ये: शालू, ये.

१८, टेकडीवर
पूनमसिंगांच्या मोटरसायकलवरून आले. खोलीचं कुलूप कुणी काढलं, त्यांनाही माहीत नाही. आतून कडी. शालू आत आहे. मी हाका मारतेय. ती रडते, म्हणते, आई तर माझ्या कानात बोलतेय. सांगतेय, बाहेर जी आली ती मी नाही, उघडू नकोस —
पूनमसिंग पहार आणायला खाली गेले.
मी जे सांगायला जाते ते आत तिला आधीच — ‘बाहेरची आता असं म्हणेल’ — माझ्याच आवाजात — त्यामुळे माझा प्रत्येक शब्द खोटा —
आता ती बोलत नाही. नुसती हं, हं म्हणतेय. मला नाही.
म्हणून लिहितेय. हे पान दाराखालून सरकवते. शालू, अक्षर बघ, माझं आहे. तुझ्या कानातल्या तिला फक्त बोलता येतं, लिहिता येत —