स्वयंपाकघराच्या छतावरची रेघ

ती. आप्पा, लांबूनच पाया पडतो.

आम्ही मजेत आहोत. डॉक्टरांनी हिला कंबरेसाठी गरम पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून स्वस्तातला, हवा भरून फुगवायचा हॉट टब आणून वरच्या खोलीत मांडला. तीन महिन्यांत ही पहिल्यांदाच रात्रभर सलग झोपली. आईला एवढंच वाचून दाखवा.

आता तुम्हाला गवंडी म्हणून विचारतो. टबात आठशे लिटर पाणी मावतं. वजनाचा विचार आधी केला नाही, शिव्या नंतर घाला. टबाच्या बरोबर खाली, स्वयंपाकघराच्या छताला केसाएवढी भेग दिसतेय. नुसतं प्लास्टर असेल ना? तुम्ही शिकवलंत तशी भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली आहे. काल भेग रेघेपाशीच होती. हिला काही बोललो नाही. आत्ता ती वर टबातच बसलीय, गुणगुणतेय.

तुमचे गुडघे कसे आहेत? शिडीवर चढत नाही ना?

आत्ताच स्टुलावर चढून बघून आलो. आप्पा, भेग रेघेच्या बोटभर पुढे गेलीय. आता उत्तर नको. हिला बाहेर काढतो आणि बादल्या घेतो.

न विचारता उद्योग करणारा,
तुमचा धाकटा