कोण जाऊन राहिलं?

बाबा,

परवा उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "मावशी, तुमचे वडील पण वडील होते ना?" आणि स्वतःच हसली. हा विनोद तुमच्या वेळीही शिळा झाला होता. घरात माझे वडील आणि चर्चमध्ये मंडळीनं निवडलेले वडील, पाळकसाहेबांच्या शेजारी पुढच्या बाकावर बसणारे. मी तिला हो म्हटलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता टाकायचं कुठल्या पत्त्यावर म्हणा.

नागपुरात, सदरमधल्या औषधांच्या दुकानात तुम्ही आठवडाभर पुड्या बांधायचात, पण जीव सगळा प्रेस्बिटरीत. आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील तिच्या सभेला जमले की तुम्ही तिथून बाजारातून भाजी आणावी तशा बातम्या घेऊन यायचात. आई गेल्यापासून स्वयंपाकघरात आपण दोघंच. मी पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर बसलाय आणि सांगताय: कुठल्या चर्चचं छप्पर गळतंय, कोणाची मुलगी मॅट्रिक झाली, कुठल्या गावात दोन भावांनी अबोला धरलाय आणि प्रभुभोजनालाही एकमेकांकडे बघत नाहीत. रविवारी सूचनांच्या वेळी हेच सगळं उभ्यानं मंडळीला. सांगून झालं की तुम्ही चष्मा काढायचात आणि विचारायचात, "मंग, कोण जाऊन राहिलं?" छप्पर बघायला कोण, भावांची समजूत घालायला कोण. कोणी हात वर करेपर्यंत तुम्ही काही खाली बसायचा नाहीत. पाळकसाहेब घसा खाकरायचे, बायकांना घरच्या चुलीची आठवण व्हायची. शेवटी कोणीतरी नाइलाजानं "बरं जी, मी जातो" म्हणायचं, मग आपली सुटका.

मागच्या बाकांवरची पोरं तुम्हाला आकाशवाणी म्हणायची. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, माझ्या मैत्रिणी त्याच बाकांवर बसायच्या, आणि मला तुमची लाज वाटायची. तुम्हाला ते कळत होतं की नाही, कोण जाणे.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, वेळेचे पक्के. म्हणाले, सूचना छापून दारात वाटू, उपासना वेळेत संपेल. शाळेत टाइपरायटर होता, प्रती काढायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं, आणि मला दोन्ही येत होतं. पाळकसाहेबांनी विचारायचा अवकाश, मी हो म्हणून मोकळी. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मले काय, बरंच हाये. माह्या घशाले आराम." पहिल्या रविवारी कागद सगळ्यांच्या हातात होता. सूचनांची वेळ आली तसे तुम्ही सवयीनं उठलात. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. तुम्ही उभेच होतात, त्यामुळे गीतासाठी आधीच उभे राहिल्यासारखे दिसलात. मागून कोणीतरी हसलं, आणि बाबा, मीही हसले.

त्यानंतर बातम्या तुम्ही मला सांगायचात आणि मी त्या छाटायची. स्टेन्सिलवर जागा किती असते! तुम्ही पाल्हाळ लावलात की मी म्हणायची, "बाबा, दोन ओळीत सांगा." तुम्ही बिचारे बोटांवर शब्द मोजायला लागायचात. रामटेककडच्या त्या म्हाताऱ्या नर्सबाईची बातमी अशीच आली. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ती आपल्या गावी धानाच्या शेतांमध्ये एकटी राहायची, गावात ख्रिस्ती घर तिचं एकच. तुम्ही सांगत होतात की तिनं अंथरूण धरलंय, अंगावर पाणी घालायलाही कोणी नाही, आणि तिनं निरोप पाठवलाय की मंडळीतलं कोणी येऊन जा. मी टाइप केलं: 'रामटेककडील एका वृद्ध भगिनीची प्रकृती बरी नाही. प्रार्थनेत आठवण ठेवावी.' शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

त्या रविवारी उकाडा होता. कागदाच्या घड्या घालून सगळ्यांनी वारा घेतला. प्रार्थनेत आठवणही ठेवली असेल, नाही म्हणत नाही.

आठवड्याच्या मधेच तुमच्या कानावर आलं की कोणीच गेलं नाही. संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत, "कोण जाते हे त्या कागदात काहून नाही टाकलं वं?" मी म्हणाले, "असं छापलेलं शोभत नाही, बाबा." तुम्ही ताटातला भात कालवत राहिलात. दुसऱ्या दिवशी दुकानातून रजा काढून एसटीनं गेलात.

परत आलात तेव्हा चपला चिखलानं भरल्या होत्या. ती आदल्या दिवशी गेली होती. शेजारचं कुटुंब बौद्ध, त्यांनीच खड्डा खणला, त्यांनीच तिला आंघोळ घातली. दुपार टळेपर्यंत ते नागपूरकडून येणारी प्रत्येक गाडी बघत होते. त्या घरच्या माणसानं तुम्हाला सांगितलं, "लई वाट पाह्यली जी तुमच्या लोकायची. आमाले तुमची प्रार्थना येत नाही. मंग तसंच मातीले देल्लं." हे सांगताना तुम्ही मला दोष दिला नाहीत. दिला असतात तर भांडता आलं असतं. मी वाद घालण्यात हुशार, ते तुमच्याकडूनच आलंय. तुम्ही एवढंच म्हणालात की त्या माणसाच्या बायकोनं तुम्हाला चहा पाजला आणि तुम्ही मातीशी बसून एकट्यानंच स्तोत्र म्हटलंत.

पुढे कागद चालू राहिला. तुम्ही बातम्या आणत राहिलात, दोन ओळींच्या, मी न सांगताच. उभं राहून बोलायला मात्र कोणी सांगितलं नाही, मीही सुचवलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मीच टाइप केलं, आपले बंधू आजारी आहेत, प्रार्थनेत आठवण ठेवावी. चार माणसं आली. तुमची आकाशवाणी चालू असती तर दाराशी चपलांचा ढीग पडला असता, हे मला त्याच वेळी कळलं होतं, आणि ते कळूनही मी कोणाच्या दारात जाऊन म्हटलं नाही की या.

मंडळीचं मी मंडळीवर सोडते. पण त्या सकाळी, एसटीला निघताना, पिशवी खांद्याला लावून तुम्ही दारात थांबला होतात. "येतं का वं? बाईमाणूस सोबत असलं तं तिले बरं वाटीन." मी म्हणाले, आज शाळेत इन्स्पेक्शन आहे. तुम्ही लगेच म्हणालात, "मंग नको, मंग नको," आणि गेलात. संध्याकाळी चिखलाच्या चपला काढल्यात, घोटभर पाणी प्यायलात, आणि ती गेल्याचं सांगायच्याही आधी मला विचारलंत, "तुह्यं इन्स्पेक्शन कसं झालं?"

मी म्हणाले, चांगलं झालं. बाबा, त्या दिवशी इन्स्पेक्शन नव्हतं.