हातगाडी, जागा क्रमांक क-१४

शुक्रवार, १९ जुलै २००२

तीर्थरूप कुंडलिकमामांच्या चरणी इंद्रायणीचा नमस्कार.

हातगाडी हे वाहन आहे की दुकान? मामा, मला याचं उत्तर येत नाही. मी आपल्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर, त्यावर एम. ए. झाले, राज्य म्हणजे काय हे मुलांना दोन तासांत समजावून सांगते. पण हातगाडी म्हणजे काय, हे प्राचार्य सरांनी परवा मला लेखी विचारलं. बुधवारपर्यंत मुदत आहे.

(क्षेमकुशल विचारायच्या आधीच प्रश्न विचारला, माफ करा. पाखऱ्याचा खूर आता कसा आहे? आणि मामींचा गुडघा? तुम्ही मागच्या पत्रात याच क्रमानं लिहिलं होतं, म्हणून याच क्रमानं विचारते. इकडे आई बरी आहे. मी कॉलेजात मोठी साहेब आहे आणि मला फिरती खुर्ची आहे, असं ती गावभर सांगते. खुर्ची फिरते हे खरं आहे, पण ती एक पाय मोडल्यामुळे.)

मागच्या पत्रात तुम्ही असंही लिहिलं होतं की, नोकरीत टिकायचं तर इकडंतिकडं थोडं वंगण लावायला शीक. ते वाचून मी रागावले आणि म्हणून सहा आठवडे पत्र पाठवलं नाही. माझी नेमणूक गुणवत्तेवर झालेली आहे. (मुलाखतीत आमच्या संस्थेचे अध्यक्ष गेणभाऊ यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पेठंच्या कुंडलिकरावांची तू कोन?" पण त्याचं उत्तर मी बिनचूक दिलं होतं.) माझी नेमणूक ३१ जुलैला संपते आणि पुढची ऑर्डर गेणभाऊंच्या सहीनं निघते. तुमचा पाखऱ्या आणि त्यांचा बैल एका गाड्याला पळतात, शर्यतीच्या घाटात तुमची भेट होतच असेल. तरी माझ्या ऑर्डरबद्दल तुम्ही त्यांच्यापाशी एक अक्षर काढू नये. फक्त हातगाडीबद्दल काय वाटतं ते कळवावं. तुमच्या उत्तराशिवाय मी काहीही करणार नाही.

आता झालं ते सगळं सांगते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. (पाकिटाच्या मागे पत्ता आहे, तो पोस्टाचा नियम म्हणून.)

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा प्राचार्य सर म्हणाले की ऑगस्टात पुण्याहून तपासणी समिती येणार आहे आणि ती वाहनतळाची व्यवस्था बघते. आमच्याकडे वाहनं होती, मोकळी जागाही होती, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. सायकली व्हरांड्यात, एम-एटी दुचाक्या पायऱ्यांवर, गेणभाऊंची निळी जीप थेट पोर्चमध्ये. मार्चमध्ये तर एका पालकांनी मुलाचा पेपर सुटेपर्यंत कांद्यानं भरलेली ट्रॉली ऑफिसच्या दाराला लावून ठेवली होती आणि हेडक्लार्क तीन तास खिडकीतून ये-जा करत होते. म्हणून वाहनतळ समिती नेमली. तिची सचिव मी. (समितीचे इतर चारही सदस्य त्या बैठकीला हजर होते, मी तेवढी तासावर होते.)

मामा, मी हे काम मनापासून केलं. अठरा नियम लिहिले. आमच्याकडे दीडशे मुलं सायकलवर येतात, जीप एकच येते, आणि तरी सावली जीपला असते, हे मला पटत नव्हतं. म्हणून नियम २ असा लिहिला: "चाके असलेले आणि स्वतःच्या किंवा मालकाच्या बळावर चालणारे प्रत्येक वाहन समान समजले जाईल." नियम ३: पासाचे क्रमांक सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतील, ज्याचा जो क्रमांक त्याची ती जागा. फक्त नोकरवर्गाच्या चौदा जागा वेगळ्या, सेवाज्येष्ठतेनं, क-१ ते क-१४. प्राचार्य सरांनी नियमावली वाचून सही केली. कोणतं पान वाचलं ते विचारायचं राहिलं.

फॉर्म बरेच आले. घाटघरची एक मुलगी वसतिगृहात राहते, तिनं वाहनाचा प्रकार "पाय" आणि चाकांची संख्या "अजून नाही" असं लिहिलं. मी तो फॉर्म बाद केला. पण त्या "अजून"मुळे परत घेतला. आणि एक फॉर्म झुंबरबाईंचा होता. या आमच्या आवारात चिंचेखाली हातगाडीवर भेळ आणि उकडलेल्या शेंगा विकतात. त्यांचा फॉर्म आमचा शिपाई चांगदेव यानं भरला होता. चार चाकं, मालकाच्या बळावर चालते. नियम २ मध्ये तंतोतंत बसत होतं. आवारात येण्याआधी त्या गेटाबाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि तिथून त्यांना तीनदा गाडीसकट उठवलेलं आहे. एकदा तर चुलीवरच्या शेंगांसकट.

चिठ्ठ्या काढायला मैदानात माईक लावला. माईकवर चांगदेव. चांगदेव सुट्टीच्या दिवशी बैलगाड्यांच्या घाटात पुकारा करतो हे तुम्हाला ठाऊक असेल, मला ठाऊक नव्हतं. पहिली चिठ्ठी निघाली आणि त्यानं भोंगा हातात धरून सुरुवात केली, "आलाऽऽ रे आला, नंबर एकचा मानाचा गाडा, धरून बसा, पोरांनो मधून बाजूला व्हा, गाडामालक झुंबरबाई भेळवाऽऽल्या!" नंबर एक म्हणजे नेमकी त्यांची चिंचेखालचीच जागा. मुलांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती कुठून आणली याची चौकशी अजून चालू आहे. गेणभाऊंच्या जीपला सत्त्याऐंशी नंबर मिळाला. सत्त्याऐंशी नंबर म्हणजे मागच्या पाण्याच्या टाकीपलीकडची जागा. तिथपर्यंत सगळे नंबर रंगवता रंगवता राजमहंमद पेंटरचा अर्धा दिवस गेला होता.

तुम्हाला मानाचं महत्त्व मी सांगायला नको. गावच्या जत्रेत पहिला गाडा कुणाचा यावरून दोन भावक्या पंधरा वर्षं बोलत नाहीत. पण कॉलेजात ही गोष्ट येईल असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी प्राचार्य सरांनी बोलावलं. "मॅडम, एक आकडाच तर आहे," म्हणाले. मी म्हटलं, सर, म्हणूनच बदलायचं काही कारण नाही. मग त्यांनीच तोड काढली. एकच्या आधी शून्य येतो, तेव्हा अध्यक्षांना शून्य क्रमांक द्यावा. मला हे गणितात बसणारं वाटलं. राजमहंमदनं पोर्चमध्ये मोठा पांढरा शून्य काढला आणि "मॅडम, आजपर्यंतचा सगळ्यात देखणा आकडा काढलाय बघा," असं म्हणून गेला.

गेणभाऊ दुसऱ्या दिवशी आले आणि जीपमधून न उतरता शून्याकडे बघत राहिले. मग मला बोलावून म्हणाले, "पोरी, घाटात शून्य कुनाला म्हनत्यात ठाव हाये का? जो गाडा निशानापातुर पोचतच न्हाई त्याला." शून्य त्याच दिवशी पुसला.

यातून वाट काढली ती चांगदेवनं. तो म्हणाला, घाटात असं झालं तर नंबरवाला मानकऱ्यासाठी आपली बारी सोडतो. म्हणजे आपली पळायची पाळी त्याला देतो. पण त्यासाठी मानकऱ्यानं स्वतः येऊन नारळ देऊन मागायची असते. मला वाटलं गेणभाऊ चिडतील. ते म्हणाले, "बरूबर हाये." दोन दिवसांनी फेटा बांधून आले, चिंचेखाली गेले आणि झुंबरबाईंना नारळ आणि हिरवं लुगडं दिलं. झुंबरबाईंनी लुगड्याचा काठ बघितला, पोत बघितला, नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला आणि म्हणाल्या, "सोडली बारी. पर बारी सोडली म्हून गाडा सोडला न्हाई हां, भाऊ." गेणभाऊ म्हणाले, "गाडा कोन मागतंय, बाई?"

आता झुंबरबाईंच्या वाट्याला सत्त्याऐंशी नंबर आला. टाकीपलीकडे भेळ खायला कोण जाणार? म्हणून मी माझी जागा दिली. मी सगळ्यात कनिष्ठ, म्हणून माझा क-१४. पोर्चपासून सर्वांत लांब. पोर्चपासून सर्वांत लांब म्हणजे गेटाच्या सर्वांत जवळ, हे नियम लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, झुंबरबाईंच्या लगेच आलं. मी एस. टी. नं येते, जागा रिकामीच होती. पहिल्याच दिवशी त्यांच्या शेंगा अकरा वाजता संपल्या.

इथं हे पत्र संपायला हवं होतं. पण चिंचेवर बगळे आले. दर पावसाळ्यात येतात, घरटी करतात, पिल्लं काढतात, आणि एकूण दोनअडीचशे बगळे दिवसरात्र तिथं राहतात. बगळे आले की झुंबरबाई चिंचेखाली कधीच उभ्या राहत नाहीत, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. मी नवी आहे. गेणभाऊंची जीप निळी आहे, हे वर लिहिलंच आहे. पांढरी असती तर वेळ निभावली असती. (मी झुंबरबाईंना विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "मानाची जागा मागाया आल्यालं मानूस. त्याला बगळं व्हय सांगायचं?")

गेणभाऊंना आता क-१४ हवी आहे. गेटाशी आहे, वर आभाळ मोकळं आहे, समिती आली की पहिल्यांदा जीपच दिसेल. त्यांनी माझ्यापाशी मागितली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण मागणी आली ती प्राचार्य सरांच्या लेखी प्रश्नातून: हातगाडी हे वाहन आहे की दुकान, सचिवांनी खुलासा करावा. दुकान असेल तर नियम ११ प्रमाणे (तोही मीच लिहिला, पानपट्टीसाठी) आवारात चालणार नाही, झुंबरबाई परत रस्त्यावर. वाहन असेल तर जागा तिचीच. प्रश्नाचा कागद आणि माझ्या ऑर्डरचा कागद एकाच फाईलीत आहेत. सरांनी फाईल उघडून दोन्ही दाखवले आणि बंद केली. ते सज्जन आहेत.

दोन रात्री मी विचार करते आहे. चालते तेव्हा हातगाडी वाहनच आहे. पण उभी राहिली की दुकान होते. आणि आमचा पास तर उभं राहण्याचाच. म्हणजे ज्या क्षणी तिला पासाची गरज लागते, त्याच क्षणी ती पासाला पात्र राहत नाही. माझ्या अठरा नियमांत याला उत्तर नाही. तुमचं सगळं आयुष्य गाड्यांत गेलं आहे, तुम्ही सांगाल ते मला मान्य असेल. वाट बघते.

मामींना नमस्कार, पाखऱ्याला माझ्याकडून गुळाचा खडा.

तुमची भाची,
इंद्रायणी

ता. क. शनिवार, २० जुलै. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. गेणभाऊंपाशी एक अक्षर काढू नका असं वर लिहिलं आहे, तो परिच्छेद आता वाचला नाही तरी चालेल. ते स्वतःच तुमचं नाव काढतील.

दुसरा ता. क. मला तुमच्याकडचं वंगण हवं आहे. चाकाला लावतात ते, खरंखुरं, एक मोठी डबी. नारायणगावपर्यंत एस. टी. च्या कंडक्टरजवळ दिलंत तर पुढून मी आणीन. कारण सांगते. रात्री नियम पुन्हा वाचले तेव्हा नियम ६ सापडला: "नोकरवर्गाच्या जागेवर त्या कर्मचाऱ्याने स्वतः आणलेलेच वाहन उभे करता येईल." म्हणजे झुंबरबाईंनी आणलेली हातगाडी माझ्या जागेवर उभी करणंच मुळात बेकायदा होतं आणि आठवडाभर मीच ते चालवून घेतलं होतं. म्हणून आज सकाळी एस. टी. तून उतरून मी झुंबरबाईंच्या घरी गेले, पदर खोचला आणि हातगाडी ढकलत कॉलेजला आले. झुंबरबाई छत्री धरून शेजारून चालत होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, "मॅडमची हाये, मी नुस्ती पावनी." बाजारात आपल्या गावची तीन माणसं भेटली. तेव्हा आईला काय सांगायचं ते तुम्हीच आधी सांगा. फिरत्या खुर्चीचा उल्लेख केलात तर बरं.

कॉलेजच्या चढाला रस्ता अरुंद आहे. मागून जीपचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर गाडी मागे गेली असती. जीप हॉर्न न वाजवता माझ्या मागे माझ्याच चालीनं गेटापर्यंत आली. गेटावर चांगदेव. त्याच्याकडे माईक नव्हता, पण त्याला तो लागत नाही. "आलाऽऽ रे आला, पेठंच्या कुंडलिकरावांच्या भाचीचा गाडा!" गेणभाऊ उतरले. घाटातल्या सवयीनं आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग खाली वाकून चाकाकडे. ऑर्डरबद्दल, जागेबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "डावं चाक जड चाललंय. तुझ्या मामाकडून वंगन मागीव, त्याच्यावानी तालुक्यात कुनाकडं न्हाई." आणि जीप मागे घेऊन टाकीपलीकडे, सत्त्याऐंशी नंबरवर लावून आले.

तिसरा ता. क. पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर आता पाठवू नका. त्या चढावर ती दुकान नव्हती एवढं मी शपथेवर सांगू शकते. सरांच्या कागदावर "वाहन" असं लिहून, खाली सही-शिक्का करून, पावणेअकराला तो मी आवक-जावक रजिस्टरात चढवून दिला आहे.