माळाईचं पाणी

३ मार्च

पोचले एकदाची हुलगेवाडीला! कवठे महांकाळपासून एसटीत इतका धुरळा खाल्ला की उतरले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आल्या आल्या अंजनाने हुलग्याचं गरमागरम माडगं दिलं आणि मी फलटणची आहे म्हटल्यावर पोटभर चेष्टाही केली. उसाच्या मुलखातल्या बाईला इथं पाणी मोजून मिळणार, असा तिचा इशारा होता. मी दुरुस्तीला आलेय त्या माळाईच्या देवळाचे गुरव केरबा, अंजना त्यांची सून. माझं जेवण तिच्याकडेच आहे. केरबा म्हातारे, सुपारीसारखे सुकलेले आणि मिस्कील आहेत.

माळाईचं देऊळ मात्र बघताक्षणी आवडलं. यादवकाळातलं, काळ्या दगडाचं, एवढंसं. कुणा भल्या माणसाने त्याला आतून-बाहेरून पोपटी ऑइलपेंट फासलाय. गाभाऱ्याची मागची भिंत पोटुशीसारखी फुगली आहे. पेंट काढायचा, भिंत उतरवून पुन्हा रचायची, सगळं एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकायचं. कारण अठरा तारखेला शंभूराज येतोय. लेहहून, दीड वर्षाने, चांगली महिन्याची रजा घेऊन. सातारा स्टेशनवर न्यायला मी येणार, असं मी त्याला बजावून ठेवलंय. तिथे नसले तर नवऱ्याने खुशाल परत लेहला जावं.

६ मार्च

आज देवी बाहेर काढली. माळाई म्हणजे शेंदूर लावलेला ओबडधोबड तांदळा, नाकडोळे नसलेला दगड. त्याला आरपार भेग गेली आहे आणि भंगलेला देव पुजत नाहीत. म्हणून केरबांनी तांब्याचा कलश पाण्याने भरला, तांदळ्यापासून कलशापर्यंत कच्चं सूत बांधलं आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत बसले. मग सूत तोडलं. तांदळ्यावर थाप मारून म्हणाले की आता हा नुसता धोंडा. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. धोंडा दुपारी पिकअपमधून सांगलीला कृष्णेत सोडायला गेला.

नवी मूर्ती घडून आली की हेच पाणी तिच्यावर ओतायचं, म्हणजे देवी आत बसते. तोवर कलश माझ्या खोलीतल्या कोनाड्यात राहील, कारण गावात कुलूप लागणारी रिकामी खोली तेवढीच. केरबांनी मला बजावलं, "ह्या पान्याला कुनी तोंड लावायचं न्हाई, बाई. आता ते पानी न्हाई." मी त्यांच्यासारखंच "व्हय" म्हटलं. ते हसले.

१४ मार्च

काम झकास चाललंय. पोपटी रंगाखाली हंसांची रांग निघाली! प्रत्येक हंसाची मान वेगळी. चुन्यात घालायला सांगलीहून गूळ आणला, तर मुंग्यांनी आमच्याआधी ताव मारला.

दर सोमवारी आणि शुक्रवारी केरबा कलशावरच्या नारळाला दोन्ही बाजूंना फूल चिकटवून कौल लावतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आतापर्यंत प्रत्येक वेळी उजवंच पडलं. तुम्ही उजव्याला पाणी कमी लावता, असं म्हणून मी त्यांना चिडवते. ते चिडत नाहीत.

२१ मार्च

लिहावं की नको? लिहितेच.

दोन दिवस टँकर आला नव्हता. आज भर दुपारी शिखरावर होते, एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी उतरून खोलीत आले. घागर कोरडी, बाटली कोरडी. जीभ टाळ्याला चिकटलेली. हाक मारायलाही आवाज निघेना. कोनाड्यात कलश होता. नारळ बाजूला काढला आणि सगळं प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत. इतकं गार पाणी मी जन्मात प्यायले नाही. लहानपणी पाटी चाटायचो, तशी चव होती.

संध्याकाळी टँकर आला. कलश काठोकाठ भरून नारळ होता तसा ठेवला. कुणी पाहिलं नाही. मला लाज वाटतेय, पण तिथेच आडवी झाले असते तर माळाईला तरी काय मिळालं असतं?

२४ मार्च

कौल पडला नाही. कुठलंच फूल हललं नाही. दुपारपर्यंत दोन्ही नारळावरच वाळून गेली. केरबांनी काम थांबवायला सांगितलं. ते कलशाकडे बघत बसले होते, मग माझ्याकडे बघितलं.

उद्या त्यांना सांगायला हवं.

२८ मार्च

अजून सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला तहान लागलेली नाही. अजिबात नाही. सवय म्हणून पिते, एवढंच. माझा हात फरशीसारखा गार लागतो, असं अंजना म्हणाली. फोनला रेंज मिळावी म्हणून आमचा गवंडी दादासो याच्या मोटरसायकलवर टेकाडावर निघाले, तर मागचं चाक बसलं. गुरवांच्या सूनबाईंची भाकरी मानवलेली दिसते, असं म्हणून तो हसला. मीही हसले. पण साडी तर मला ढिली होतेय.

चालत टेकाडावर पोचले, तर मूर्तिकाराचा फोन आला. मूर्तीचा दगड घडवताना फुटला म्हणे.

२ एप्रिल

केरबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते खाली बसले, टोपी काढली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस! मी मागे सरकले, तर ते म्हणाले, "आवं बाई, आता तुमास्नी वरडू तरी कसा?"

मी म्हटलं, जशी आत गेली तशी काढा. त्यांनी माझ्या मनगटापासून कलशापर्यंत सूत बांधलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली आणि विचारलं, आई, निघतीस का?

डावं पडलं.

मग विचारलं, गाभारा पुरा करू का? उजवं पडलं. लगेच.

मला भीती वाटतेय. शंभूराजला फोन केला, पण तोंडातून निघालं ते एवढंच की काम छान चाललंय, स्टेशनवर येते.

७ एप्रिल

सकाळी अंजना भाकरी वाढत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं, तरी मला तिचा आवाज ऐकू आला— एवढा तरी पोटात टिकू दे. मी म्हणाले, टिकेल, मुलगी आहे. ताट तिच्या हातातून पडलं. तिने हात जोडले.

मी असं का म्हणाले? मला कसं माहीत?

आता उंबऱ्यावर भंडारा पडलेला असतो. केरबा म्हणतात की त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. बायका लांबून ओटी दाखवतात. सगळ्यांचं मागणं ऐकू येतं— पाऊस, बोअरला पाणी, पोराची भरती— एकाच वेळी—

११ एप्रिल

निघाले. कुणाला न सांगता सकाळची एसटी धरली. शिवेच्या दगडापाशी गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत होती, गाडी पुढे सरकेना. मी उतरले. गाडी लगेच निघाली. चालत जायचं ठरवलं, तर पाय उचलेना. शिवेच्या पलीकडे टाकायला एकही पाय उचलेना. गाडीच्या मागच्या खिडकीतून दोन म्हातारे प्रवासी टोपी काढून बघत होते.

शंभूराजला फोन करायला टेकाडावर गेले. काच बोटाला ओळखत नाही. अंगठा, करंगळी, सगळी बोटं करून पाहिली. काचेवर टक टक आवाज येतो, जसा खडा आपटावा.

फोन वाजतोय. त्याचाच आहे. उचलता येत नाही.

१५ एप्रिल

गुडघे वाकत नाहीत. गावातल्या सगळ्या गड्यांनी मिळून मला उचलून गाभाऱ्यात ठेवलं. हळू उचला, असं एकमेकांना सांगत होते. कुणी वाईट वागलं नाही. अंजनाने आधी माझे केस विंचरले.

गाभारा चांगला झालाय. भिंत ओळंब्यात आहे. मीच लावला होता ओळंबा. बैठकीचं मापही मीच—

मला घरी जायचंय.

१७ एप्रिल

मान गेली. उजवा हात अजून आहे. वही पदराखाली. पेन्सिल हळदीने बुळबुळते—

केरबांनी मुखवटा चढवला. रडत होते. म्हणाले, "मला माफ कर. इचारलं व्हतं, तू निघना झालीस." मला म्हणाले की तिला? चांदीच्या आतून फारसं दिसत नाही. समोरच्या हंसांच्या माना तेवढ्या—

१८ एप्रिल

आज गाडी येईल. स्टेशनवर मी नाही.

शंभू, परत जाऊ नकोस. ती चेष्टा होती.

१९ एप्रिल

आला. शीव ओलांडली तेव्हाच कळलं. तोंड बंद आहे, आतून बोलतोय, माझंच नाव—

केरबा त्याला सांगतायत, बाई त्या दिशी सकाळच्या गाडीत बसल्या. आमी बघितलं. पुढचं ठावं न्हाई.

बूट काढले. घंटा वाजवली. समोर उभा आहे. दाढी वाढलीय. पायांकडे बघतोय— वर बघ— डोळ्यांच्या भोकांत बघ—

म्हणतोय, आई, माझी संयोगिता मला भेटू दे. कौल लावा म्हणतोय. केरबा नको म्हणतायत. तो ऐकत नाही. कधी ऐकलंय त्याने—

फुलं लावली. दोन्ही खांद्यांवर. ओली. उजवं पडलं की भेटेल. डावं पडलं तर तो जाईल—

उजवं पाडायचंय. सगळा जोर लावतेय. खांदा हलत नाही. पण फूल— हो— फूल सुटतंय— थोडंसं—

शंभू, बघ—

थांब. माझ्या आत कुणीतरी डावा खांदा