वॅक्स गरम नव्हतं

काकू,

माझा चेहरा आता चांगला आहे. हे आधी सांगून टाकते, कारण सकाळी मी दारात आले की 'ये' म्हणायच्या आधी तुम्ही माझ्या गालांकडे बघायचात. अजूनही महिन्याच्या त्या दिवसांआधी हनुवटीवर एखादी पुटकुळी येते, दोन दिवस राहते आणि जाते. बाकी काही नाही. मला चाळिशी जवळ आली आहे. वाघोलीत माझं स्वतःचं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. खाली मेडिकल, वरच्या मजल्यावर क्लास आणि मधे मी. समोरच्या कॉलेजातल्या मुली येतात, नव्या सोसायट्यांमधल्या नोकरीवाल्या येतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण दरवेळी काहीतरी काम निघायचं, किंवा मी काढायची. गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आज सोमवार आहे, पार्लर बंद आहे, मुलगी शाळेत गेली आहे, म्हणून बसले.

सदाशिव पेठेतल्या तुमच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वर्ध्याकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, आणि चेहरा असा की मी स्वतःसुद्धा आरशात भांगापुरतंच बघायची. दोन्ही गालांवर दुखऱ्या, खोल गाठी. एक बसली की शेजारी दुसरी. पार्लरचं काम शिकायचंय असं म्हणताना माझी मान खाली होती. तुम्ही चेहऱ्याबद्दल अक्षर काढलं नाहीत. म्हणालात, "हात बघू." मी तळवे पुढे केले. तुम्ही ते धरलेत. "थंड आहेत. बरं आहे, उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना आवडतील. उद्या दहाला ये." मी 'मॅडम' म्हणाले तर म्हणालात, "मॅडम बँकेत असतात. मला काकू म्हण." आणि मी 'येऊन राहिली' म्हटलं की ठरलेलं उत्तर असायचं, "राहू नकोस, ये." मला राग यायचा, आणि पाठ वळली की हसूही यायचं.

त्या प्राध्यापकबाई आठवतात? दर तीन आठवड्यांनी भुवयांना यायच्या. मी दोरा हातात घेऊन उभी राहिले तर त्या खुर्चीतून तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "हिच्याकडून नको हं. आधी हिचा स्वतःचा चेहरा बघा." तुम्ही दुसऱ्या बाईंच्या केसांना मेंदी लावत होतात. मानही वर न करता म्हणालात, "अहो, ती हातांनी करते, गालांनी नाही. घाई असेल तर तिच्याकडून करून घ्या, नसेल तर मी मोकळी होईपर्यंत बसा. तासभर लागेल." त्या बाई बसून राहिल्या. मी आतल्या खोलीत जाऊन ओल्या टॉवेलांच्या ढिगात तोंड घातलं. थोड्या वेळानं तुम्ही दारात आलात. "रडून झालं असेल तर ते टॉवेल वाळत घाल. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

नारायण पेठेतला तो त्वचेचा दवाखाना, बाहेर बाकांवर बसलेली माणसं. माझा नंबर आला तेव्हा तुम्ही एका नवरीच्या आईशी फोनवर बोलत होतात. हातानंच मला 'जा आत' म्हणालात. तेव्हा तुम्ही आत आला असतात, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. डॉक्टर वयस्कर होते. भिंगातून माझे गाल बघितले, हळूच एक गाठ दाबून पाहिली, आणि मलम लिहून दिलं. म्हणाले, हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध आहे, याला रेटिनॉइड म्हणतात. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं झालं की लावायचं. मटाराच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. सकाळी धुऊन टाकायचं आणि उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "महिना दीड महिना आधी बिघडेल, मग सुधारेल. बिघडलं की लोक सोडून देतात. तुम्ही सोडू नका." लग्न झालंय का, ठरलंय का, तेही विचारलं, मूल हवं असेल तेव्हा हे बंद करायचं आणि आधी येऊन सांगायचं म्हणाले. मी उठले तसं त्यांनी थांबवलं. "पार्लरमध्ये काम करता ना? तोंडाला ब्लीच नको, वॅक्स तर अजिबात नको. या औषधानं वरची कातडी नाजूक होते. तुमच्या मालकीणबाईंना सांगा." मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" मी म्हणाले, रात्री लावायचं मलम दिलंय. तेवढंच सांगितलं. बाकीचं लपवायचं असं तेव्हा काही मनात नव्हतं, नुसतं सांगायचं राहिलं.

पहिले पाच आठवडे वाईट गेले. नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटायचे. पोह्यांवरचं लिंबू ओठाच्या कडेला लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. आत दडलेलं सगळं एकदम वर आलं, कधी नव्हतं ते कपाळही भरलं. तुम्ही म्हणायचात, "महिनाभर आरशात बघू नकोस. पार्लरमध्ये जरा अवघड आहे म्हणा." आणि खरंच मला आरशांकडे पाठ असलेल्या खुर्चीवर हातापायांचं काम देऊन टाकलंत. सहाव्या आठवड्यात एका सकाळी उशीवरून उठले आणि गाल दुखत नव्हता. दिसायला तसाच होता, पण दुखत नव्हता. मी हात लावून लावून बघत होते.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. नागपूरचं स्थळ होतं, दहा दिवसांनी ते लोक मला बघायला येणार होते. मी मनाशी हिशेब केला की रात्री एकदा लावून इतकं बरं वाटतंय, तर सकाळीही लावलं तर दुप्पट लवकर होईल. मटाराचा दाणा सोडला आणि सायीसारखा थर द्यायला लागले, सकाळी आणि रात्री. आग व्हायची. मला वाटायचं, आग होतेय म्हणजे काम करतंय.

गावी निघायच्या दिवशी दुपारी तुम्ही पार्लरचं दार लोटून घेतलंत आणि मला खुर्चीत बसवलंत. "आज तू गिऱ्हाईक. गालांवरची लव काढून देते, फोटोत चेहरा उजळ दिसेल." तुम्ही खूश होतात, काकू. एरवी शिकाऊ मुलींना तुम्ही खुर्चीला टेकूही द्यायचा नाहीत. आणि मग सगळ्यांना विचारायचात तसं मलाही विचारलंत, "तोंडाला सध्या काही लावत नाहीस ना? ते डॉक्टरांचं मलम?"

मी म्हणाले, "ते कधीच संपलं, काकू."

मलम पिशवीत होतं. सकाळीच लावलेलं होतं. पण ती लव मलाही नको होती, आणि हो म्हटलं असतं तर तुम्ही वॅक्स केलं नसतंत हे मला माहीत होतं.

तुम्ही नेहमीसारखं वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितलंत, मग माझ्या डाव्या गालावर कानाजवळ लावलंत. पट्टी ठेवून एका झटक्यात ओढलीत. आधी मला काहीच कळलं नाही. कळलं ते तुमच्या चेहऱ्यावरून. पट्टीबरोबर कातडी आली होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तुम्ही थंड पाण्यात कापड बुडवून धरलंत आणि एकच वाक्य परत परत म्हणत राहिलात, "अगं, जास्त गरम होतं. मला कळलंच नाही, जास्त गरम होतं." मग तुम्ही माझ्या आईला स्वतः फोन केलात. "चूक माझी आहे, तुमच्या मुलीची नाही. कार्यक्रम पुढे ढकला, मी माफी मागते." मी शेजारी बसून ऐकत होते, गालाला कापड लावून.

काकू, वॅक्स गरम नव्हतं. माझ्या गालाला ते कोमट लागलं होतं, तुमच्या मनगटाला लागलं तसंच.

दोन दिवसांनी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मटाराचा दाणा सांगितला होता, मटार उसळ नव्हे." जखम भरेपर्यंत सगळं बंद, मग दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड. या वेळी मी अक्षरशः दाणा मोजून लावत होते. पाचव्या महिन्यात गाल सपाट झाले. नागपूरचं स्थळ तोवर दुसरीकडे जमलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नंतर माझं पुण्यातच जमलं, ते तुम्हाला माहीतच आहे. लग्नात माझा मेकअप तुम्हीच शेजारी उभं राहून दुसऱ्या बाईंकडून करून घेतला होतात. प्राध्यापकबाई एकदा आल्या आणि म्हणाल्या, "आज हिच्याकडूनच करते, हिचा हात हलका आहे म्हणे." तुम्ही त्याच सुरात म्हणालात, "ती मोकळी नाही. तासभर लागेल." आतल्या खोलीत आपण दोघी तोंडाला टॉवेल लावून हसलो होतो.

पण त्या दिवसानंतर तुम्ही कुणाच्या चेहऱ्याला वॅक्स लावलं नाहीत. डोळे तपासून आलात. नंबर वाढलेला नव्हता. "डोळे ठीक आहेत म्हणतात. म्हणजे हातच गेला," असं म्हणालात आणि वॅक्सचं भांडं माझ्या टेबलावर आणून ठेवलंत. नवऱ्या, त्यांच्या आया, जुनी गिऱ्हाइकं, सगळी माझ्याकडे आली. मी तुमच्याकडून जे शिकले त्यातलं निम्मं त्या भांड्यामुळे शिकले. चार वर्षं रोज संध्याकाळी सांगायची संधी होती. आधी भीती होती की काढून टाकाल. नंतर भीती गेली, पण इतके दिवस का नाही सांगितलंस, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मला दिवस गेले, मलम बंद झालं, मी सुट्टीवर गेले, आणि त्याच पावसाळ्यात तुमचं हृदय थांबलं. बाळ वीस दिवसांचं होतं. मला येताही आलं नाही.

आता गेल्या आठवड्याचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, घाईत. "मॅम, फुल फेस वॅक्स. उद्या प्रेझेंटेशन आहे." वॅक्स तापत होतं. मी विचारलं, तोंडाला काही लावतेस का? "नो, काहीच नाही." इतकं पटकन म्हणाली की मी दिवा जवळ ओढला. नाकाच्या बाजूला पापुद्रे होते. "रेटिनॉल? अडॅपलीन? तसलं मलम?" ती आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "थोडंसंच, मॅम. रोज नाही. म्हणजे, रोज. पण प्लीज करा ना, काही झालं तर मी तुम्हाला काहीच बोलणार नाही, प्रॉमिस."

मी बटण बंद केलं. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि ही सगळी हकीकत तिला सांगितली, मलम, खोटं उत्तर, पट्टी, आईला केलेला फोन, सगळं. डॉक्टरांच्या मटार उसळीवर ती खूप हसली. मग म्हणाली, "मग त्या काकूंना खरं कळलं का नंतर?" मी नाही म्हणाले. "शिट. म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांचाच हात..." मी उठून तिच्यासाठी एका त्वचेच्या डॉक्टरांचं नाव कागदावर लिहिलं आणि म्हटलं, मलम सोडू नकोस, ते चांगलं आहे, मलाही त्यानंच बरं केलंय. फक्त विचारून लाव आणि विचारलं की खरं सांग. वॅक्स न करता ती गेली. प्रेझेंटेशन लव असलेल्या चेहऱ्यानंच झालं, चांगलं झालं, असा मेसेजही आला. त्या दिवशी संध्याकाळी शटर ओढताना मला छातीत मोकळं वाटलं, मुलीच्या जन्मानंतर वाटलं होतं तसं. मी वाटेत थांबून उगीचच उसाचा रस प्यायले.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या खोल्यांच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि तुमच्या मुलाला हे वाचून काय करायचंय. घडी करून माझ्याजवळच ठेवीन. तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता, काकू. तो कधी गेलाच नव्हता.

आणि एक. त्या मुलीला मी सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते खरं आहे, पण सुरुवात मी अशी केली होती की "माझी एक मैत्रीण होती, तिचं असं झालं."