सहाच्या आत आणू नका

कोळीवाडा, पनवेल
रविवार, २६ जून २०११

चि. सौ. कोमल,

तुला, प्रितेशरावांना आणि माझ्या रियाला आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. पाऊस लागून राहिलाय. मासेमारीला बंदी, होड्या बंद, त्यामुळे बाजारात ओट्यावर सुकंच मांडते. जवळा, सोडे, बोंबील. शेजारच्या बुधाजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता काठी आपटत गल्लीभर फिरतो आणि दिसेल त्याला टाके दाखवतो. परवा मला म्हणाला, "भामावयनी, तू दोन मयन्यांसाठी गेलेलीस ना? मयन्यात कशी आलीस?" मी म्हटलं, "तिकडचं पानी मानवलं नाय." खोटं बोलायची मलाही सवय लागली म्हणायची.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आईने फोन सोडून पत्र का लिहिलं? फोनवर मी काही काढलं की तू म्हणतेस, "आई, नंतर बोलू." पत्राला तसं म्हणता येत नाही. सातवीपर्यंत शिकलेय. अक्षर वाकडं आलं तरी वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या घरून चार वेळा फोन आला. तीनदा मी उचलला नाही. त्याआधी विमानतळावर सोडतानाही तू तेच विचारलंस, "आई, टूर आवडली ना गं तुला? खास तुझ्यासाठी प्रायव्हेट घेतली होती." मी मान हलवली. आज नीट सांगते, टूर कशी झाली.

त्या शनिवारी सकाळी गाडी दारात आली. तू मला नवी साडी नेसवलीस, केसांत फुलं माळू नको म्हणालीस, आणि पायात तुझे पांढरे बूट घातलेस. मी म्हटलं, तुम्ही पण चला. तू म्हणालीस, रियाचा क्लास आहे, प्रितेशला काम आहे. मला वाईट वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. पनवेलच्या किती बायकांना त्यांच्या लेकींनी एकटीसाठी गाडी आणि गाइड करून दिलाय?

गाइड दयाराम, उंबरगावचा. पन्नाशीचा, जाडजूड माणूस. पंचवीस वर्षं तिकडे राहून मराठी मोडकी झालेली, पण गोड. मला मावशी म्हणायचा. तासाभराने ब्रूज गाव आलं. दगडी रस्ते, घोडागाड्या, घंटेचा उंच मनोरा. दयाराम एकेका भिंतीचं वय सांगत होता. मी हो हो करत होते. तुझे बूट चावत होते.

मग तो म्हणाला, "मावशी, आता इथला जुना बाजार दाखवतो." आणि वळून बघते तर काय, मासळी बाजार! दगडी खांब, वर छप्पर, खाली दगडाचे ओटे. दोनशे वर्षांचा, म्हणाला. लोक फोटो काढत होते. एका टोकाला खरोखरची मासळी मांडलेली. चपटे लेप मासे होते, बारीक करडी कोळंबी होती. पांढरा एप्रन घातलेली माझ्याच वयाची बाई उभी होती, दंड माझ्यासारखेच. माझा हात आवरला नाही. मी एका माशाचा कल्ला उघडून बघितला. लालभडक. ती बाई आधी दचकली, मग माझ्या हाताकडे बघून हसली. तिने दुसरा मासा उचलून माझ्यासमोर धरला, मी बोटाने दाबून मान हलवली, नाय, तो कालचा. ती एवढ्या जोरात हसली की शेजारचे दोघे वळून बघायला लागले. एक शब्द न बोलता आम्ही पाच मिनिटं गप्पा मारल्या. आख्ख्या परदेशात मला पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं असं वाटलं.

बोट शेजारच्याच धक्क्यावर होती. बसताना बोटवाल्याने मला हात दिला. मी तो न घेता बसले. करंज्याच्या धक्क्यावरून डोक्यावर पाटी घेऊन होडीत उतरणारी मी, मला हात कशाला? पाणी संथ, पुलाखालून जाताना सगळे माना वाकवत होते. मी दयारामला सांगणार होते की माझ्या बापाची होडी होती, की कोमल, तुझा बाप काशिराम भर समुद्रात एका हाताने सुकाणू धरून भाकर खायचा. तेवढ्यात दयारामनेच विचारलं,

"मावशी, तुम्ही शाळेत कुठला विषय शिकवायच्या?"

मी म्हटलं, "आँ?"

"मॅडम बोलल्या ना, मम्मी रिटायर्ड टीचर आहे."

कोमल, बोट डुलत नव्हती तरी मी काठ घट्ट धरला. आणि मग मी काय केलं माहीत आहे? म्हटलं, "मराठी. चौथीपर्यंत." परक्या माणसासमोर माझी लेक खोटी पडू नये म्हणून. त्यावर तो बापडा मला कविता म्हणायला सांगायला लागला!

चॉकलेटच्या दुकानात गेलो तेव्हा माझं लक्ष नव्हतं. एक मुलगी साच्यात चॉकलेट ओतून दाखवत होती. साचे कसले, तर शिंपल्या, शंख आणि मासे. काचेच्या कपाटात चॉकलेटचे मासे ओळीने मांडलेले, लोक रांग लावून घेत होते, सोनेरी डब्यात, वर रिबन. मला संताप आला. चॉकलेटचा मासा काचेत चालतो, आणि तुला तुझी आई ओट्यावर चालत नाही? तरी रियासाठी एक डबा घेतला.

तीन वाजले. पायाला फोड आला होता. म्हटलं, "दयाराम, चल आता घरी." तो म्हणाला, अजून एक चर्च बघू. बघितलं. मग म्हणाला, अजून एक तळं आहे, हंस आहेत. मी म्हटलं, "हंस र्‍हाऊ दे. माझा पाय भरलाय." तो घुटमळला. फोन काढला, परत खिशात ठेवला. मी रस्त्यातच उभी राहिले.

"काय हाय ते सांग ना रे सरळ."

त्याने मान खाली घातली. "मावशी, मॅडमनी सांगितलंय, सहाच्या आत आणू नका."

मला वाटलं, काही तरी गंमत असेल. लेक मला चकित करणार असेल! मी हट्टाने त्याला गाडी काढायला लावली. वाटेत मी हसत होते, कोमल. सगळा रस्ता हसत होते.

साडेचारला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. कुंपणापलीकडून पोरांचा आवाज येत होता. फटीतून बघितलं. बागेत फुगे होते, लांब टेबल, तुझे साहेब, त्यांची बायको, प्रितेशरावांची मित्रमंडळी. रियाच्या डोक्यावर मुकुट होता. केक कापून झाला होता, तिच्या नाकाला क्रीम लागलेलं. तू हसत होतीस. मंगळवारी वाढदिवसाला घरच्या घरी केक कापू, पार्टी-बिर्टी नाही, असं तू मला आठवडाभर सांगत होतीस.

मी आत आले नाही. आता तुला कळेल की मला माहीत होतं. मी मागे फिरले आणि दयारामला म्हटलं, सहा वाजेपर्यंत मला कुठेतरी बसव.

एका बागेतल्या बाकावर दीड तास बसलो. त्या बिचाऱ्याने तीनदा माफी मागितली. शेवटी मीच म्हटलं, "तुझी काय चूक? आणि ऐक, मी शिक्षिका नाय. मी मासळी विकते. एकतीस वर्षं."  तो म्हणाला, "माझी आई पण उंबरगावला सुकी मच्छी विकायची."  

सहाला घरात आले तेव्हा लादी पुसलेली होती. तू दारात विचारलंस, "बोट कशी होती?" मी म्हटलं, "छान." सोफ्याखाली फुटलेल्या फुग्याचा लाल तुकडा पडला होता. तो मी पायाने आत सारला. तुझ्यासाठी. का, ते मला अजून कळत नाही.

मंगळवारी तू दुसरा केक आणलास. आपण चौघांनी कापला. मी टाळ्या वाजवल्या, रियाच्या पायात पैंजण घातले. पण त्याआधीच, रविवारी सकाळी, ती माझ्या मांडीवर बसून चॉकलेटचा मासा शेपटीकडून खात होती. खाता खाता माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आजी, मला एक सीक्रेट माहितेय. पण मम्मीने प्रॉमिस घेतलंय, तुला सांगायचं नाही. तुला सांगितलं तर तू रडशील."

मला लपवलंस, ते मी गिळलं असतं. पण सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंस! तिला काय शिकवलंस? की आजी म्हणजे पाहुणे आले की आत ठेवायची वस्तू? त्याच दिवशी मी प्रितेशरावांना तिकीट बदलायला सांगितलं. धंद्याचं निमित्त केलं. तू एकदा तरी "थांब" म्हणशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "बंदीत सुक्याला गिऱ्हाईक असतं ना, जा मग." त्या दिवशी तुला माझा धंदा बरोबर आठवला.

असं काय केलं होतं मी? पहिल्या आठवड्यात तुझ्या साहेबांच्या बायकोने मासा भाजून आणला, तेव्हा मी म्हटलं, हा बर्फातला आहे, चार दिवसांचा. तू त्यांना इंग्रजीत वेगळंच सांगितलंस, कारण ती बाई खूश होऊन मला अजून वाढायला लागली. मग मी तिच्या ताटातला काटा हाताने काढून दिला. तिच्या घशात अडकला असता, म्हणून. तेव्हापासून तू मला पाहुण्यांसमोर "आई, तू दमली असशील" म्हणायला लागलीस. ज्या हातांची तुला लाज वाटली ना, त्याच हातांनी पहाटे बर्फात बोटं घालून तुला इंजिनीअर केलंय. हे मी तुला आजवर ऐकवलं नव्हतं. ऐकवायची वेळ तू आणलीस.

एवढं लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. वाटलं, झालं, पाकीट चिकटवावं. पण एक गोष्ट राहिली, ती न लिहिता पाठवलं तर माझ्यात आणि तुझ्यात फरक काय?

तुझ्या साखरपुड्याला तुझी आजी गंगाबाई नव्हती. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, तिला ताप आहे. ताप नव्हता. प्रितेशरावांची माणसं ठाण्याची, शिकलेली. माझी आई मोठ्याने बोलायची, गुडघ्यापर्यंत लुगडं, तोंडात मिश्री. मी तिला दिवसच उशिराचा सांगितला. ती करंज्याहून दुसऱ्या दिवशी आली, नवं लुगडं नेसून. दारातला मांडव उतरवत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "झाला काय गो? बरा झाला." एवढंच. चहा पिऊन पाचच्या एसटीने परत गेली. लग्नाला आली, पण मागच्या खुर्चीवर बसली, मी बोलवूनही पुढे आली नाही. पुढच्या वर्षी गेली. मी तिची माफी मागितली नाही. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

म्हणून मी गप्प बसणार नाही. तिच्यासारखी "बरा झाला" म्हणून मी चहा पिणार नाही. मी रागावलेय, कोमल, आणि तुला ते कळलंच पाहिजे. तुझी आई मेल्यावर कुठल्या तरी पत्रात हे तुझ्या लेकीला लिहायची पाळी तुझ्यावर येऊ नये.

चौथा फोन मी उचलला, तर तो रियाचा होता. तू बहुतेक स्वयंपाकघरात होतीस. ती म्हणाली, "आजी, सुट्टीनंतर शाळेत मला आजीचं चित्र काढून सांगायचंय. मम्मी म्हणते तू टीचर होतीस. मग तू हाताने मासा कसा साफ करतेस? टीचर करतात?"

माझ्या ओठावर आलं होतं. एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते. पण मग ती तुला खोटी म्हणाली असती, आणि ते तिने माझ्या तोंडून शिकायचं नाही. मी म्हटलं, "मम्मीला विचार, बाय. तिला सगळं ठाऊक हाय. लहानपणी शाळेतून आली की माझ्याजवळ ओट्यावर बसून गृहपाठ करायची ती."

तेव्हा ती येईल तुझ्याकडे, रंगपेटी घेऊन. काय सांगायचं ते तू ठरव. दिवाळीत यायचं असेल तर खुशाल या, घर तुमचंच आहे. फक्त फळ्यासमोर उभी असलेली आजी तिने काढली, तर ते चित्र मला दाखवू नकोस. दुसरं काढलं, तर मात्र दाखव. मी ते ओट्यामागच्या भिंतीला लावीन, येणारी-जाणारी सगळी बघतील.

तुझी आई,
भामा काशिराम कोळी
मासळीवाली
ओटा नंबर सतरा, मासळी बाजार, पनवेल