लीलाची विहीर

१२ मे १९९२, मंगळवार

कावीळ झालेल्या नंदाला माझी धाकटी बहीण लीला पिंपळनेरला घेऊन गेली होती. काल लेकीला आणायला गेले. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय, अंगही भरलंय. मला आनंद व्हायला हवा होता. पण आधी हेवा वाटला, तोही लीलाच्या विहिरीचा. भर मे महिन्यात नितळ, गोड पाणी. मागच्या डोंगरावरची झाडं अजून कुणी तोडली नाहीत.

इकडे रावेरला केळीसाठी सगळ्यांनी खोल ट्यूबवेल केल्या, आम्हीही. केळी हिरवी राहिली आणि गावची विहीर आटली. ट्यूबवेल कोसभर लांब मळ्यात, म्हणून आता घरी नाल्यातल्या डबक्याचं पाणी पितो. घरोघरी कावीळ.

"अक्का, पोरले ऱ्हाऊ दे. तुमना गावनं पानी खराब शे," लीला म्हणाली.

नंदा तिचाच पदर धरून उभी. "आई, राहू मावशीकडे?"

माझा जीव जळला. त्या विहिरीवर जळला की त्या पदरावर? "राहा," म्हटलं आणि आज एकटीच परतले.

ह्यांना सांगितलं, "गावच्या विहिरीला पाणी आलं की आणीन तिला."

हे ट्यूबवेलची मोटार चालू करायला निघाले होते. दारात जरा थांबले, मग गेले.